आमसुलं मी टाकली होती

त्या दिवशी कँटीनची आमटी काळी झाली ती अनसूकाकीच्या हातून नाही. आमसुलं मी टाकली होती. माझ्या हाताने, वाडगं उपडं करून. हे वाक्य लिहायला मला पंचवीसेक वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. मागाहून हिंमत राहील याची खात्री नाही.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कारखान्यातल्या निवृत्त लोकांचा मेळावा महाडला झाला. जेवणात सोलकढी होती. एकाने पेला वर धरला आणि ओरडला, "डांबरकाकीची नाय ना रे ही?" सगळा हॉल हसला. ज्यांनी ती आमटी कधी चाखली नव्हती, जे तिच्यानंतर नोकरीला लागले, तेही हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर मी पेला खाली ठेवला, आणि तेव्हा स्वतःचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

डांबरकाकी म्हणजे अनसूकाकी. पोलादपूरकडच्या कुडपण गावची. कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीतला. त्याचं नाव घेत नाही, आता मालकही बदलले. मी तिथे कामगार विभागात अधिकारी होतो आणि कँटीन माझ्या अखत्यारीत होतं. अनसूकाकी तिथली मुख्य स्वयंपाकीण. बाई उंच, हाडापेराने रुंद, कपाळावर फोडणीचं तेल उडाल्याचा जुना डाग. पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला की भांडायला निघाली आहे असं वाटावं. आणि बहुतेक वेळा ती भांडतच असे. जाळ पेटलेला असताना तिला हसताना मी पाहिलं नाही. आवाज शिफ्टच्या भोंग्याला मागे टाकणारा. पण तोच आवाज तव्यापाशी एकदम खाली यायचा. शेजारी कोणी बडबडत असला की हात वर करायची. "गप. तवा बोलतोय."

तवा खरोखरच बोलायचा. तिचा तवा बिडाचा, ओतीव लोखंडाचा. एका हाताने उचलायला मला जमायचा नाही. बुधवारी सकाळच्या पाळीला घावन असायचे. ती तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायची आणि कान द्यायची. थेंब नुसते फसफसून जागीच मेले तर थांबायची. ते मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर धावायला लागले की जाळ जरा उतरवून अर्धा कांदा काटकीला टोचायचा, तेलात बुडवून तव्यावरून फिरवायचा आणि कडेकडून मध्याकडे पीठ ओतायचं. चर्र होऊन तांदळाच्या पिठाला हजार भोकं पडायची. मग झाकण. नवीन आलेली मदतनीस बाई एकदा उलथनं घेऊन घावन खरवडायला गेली, तर काकीने तिचा हात धरला.

"सोडवायचा नाय गो. सुटंल तो."

"करपंल की काकी."

"त्याला घाई नाय. तुला हाय. बस खाली."

आणि घावन सुटायचा. कडा आपल्या आपण उचलल्या जायच्या, जाळीदार, सोनेरी, आणि ती तो दोन बोटांनी उचलून ताटात घालायची. बिडाची खरी मजा त्या सुटण्यात असते. पातळ भांडं जाळाबरोबर तापतं आणि जाळ गेला की निवतं. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की शेवटच्या घावनापर्यंत तीच ऊब धरून राहतं. पहिल्या माणसाला जे मिळालं तेच साठाव्या माणसाला. मी हे आता लिहितो आहे. तेव्हा मी फक्त खात होतो.

कढईची गोष्ट वेगळी. काकी कँटीनला आली तेव्हा तिथे सगळी जर्मनची पातेली होती. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. कुळथाचं पिठलं त्यात रोज लागायचं. आठवडाभर तिने शिव्या दिल्या आणि एका सोमवारी डोक्यावर कढई घेऊन फाटकातून आत आली. बिडाची, दोन कानांची, आत बसवून पोरगं न्हाऊ घालता येईल एवढी. कुडपणहून पोलादपूरपर्यंत जीपने, तिथून एसटीने. एसटीत कंडक्टर म्हणाला होता, सामानाचं तिकीट काढा. काकीने कढई मांडीवर घेतली आणि त्याला विचारलं, "लेकराला तिकीट लावतोस का रे मांडीवरच्या?" महाड येईपर्यंत सगळी गाडी कंडक्टरलाच चिडवत होती, असं तिनेच रागारागाने सांगितलं. तिला त्यात गंमत दिसत नव्हती. कढईला सामान म्हणाला, हाच तिचा राग होता.

कढई तिची एकटीची नव्हती. वाडीची होती. वाडीत लग्न असो, बारसं असो, त्याच कढईत शिजायचं, आणि ठेवायची मात्र काकीच्या घरी, कारण तिची सासू आणि तिच्या सासूची सासू वाडीचा स्वयंपाक करायच्या. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिने अट घातली होती.

"सायब, इथं चांगलं जेवण व्हावं म्हणून आणलीय. वाडीत कार्य निघालं की न्यायची. आणि आमच्यात कढई परत देताना तेल लावून, आत मूठभर तांदूळ घालून देतात. रिकामी कढई आमी घेत नाय."

मी हो म्हणालो. तोंडी. कागद केला नाही. पुढे तेच माझ्या पथ्यावर पडलं.

त्या कढईतल्या पिठल्याच्या खरवडीसाठी लोक खरोखर भांडत. पिठलं वाढून झालं की तळाशी एक तांबूस, कुरकुरीत थर राही. काकी तो उलथन्याने काढायची आणि पहिला तुकडा बॉयलरवरच्या माणसाला. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायची, "तो पण जाळापुढं उभा राहतो. तुमी पंख्याखाली." दुसरा तुकडा बरेचदा मला मिळायचा. तो मी ऑफिसात नेऊन, दार लावून खायचो.

एकदा एका तरुण इंजिनिअरने हात धुतल्यावर उरलेलं तांब्यातलं पाणी सहज म्हणून तापलेल्या तव्यावर ओतलं. धूर झाला, मोठा आवाज आला. बिडाला असं गार पाणी लागलं तर तडा जातो, हे त्याला काय माहीत. काकीने त्याला जाऊ दिलं नाही. तवा निवेपर्यंत, चांगला अर्धा तास, शेजारी उभा केला. निवल्यावर तिने बोटाच्या पेराने तवा वाजवला. ठण्ण आवाज आला, तडा नव्हता. मग तिने त्या इंजिनिअरकडे पाहिलं. "तू उन्हातनं तापून आलास की तुज्या डोक्यावर असंच ओतते. बघू, वाजतोस का तू." पुढे तोच इंजिनिअर रोज जेवून गेल्यावर तवा पुसायला कापड आणून द्यायचा. तिने त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. पण कापड घ्यायची.

आता माझा भाग.

बाहेरच्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला यायची होती. कँटीनही बघणार होती. दोन दिवस आधी मी फेरी मारली आणि मला ती कढई दिसली. आतून बाहेरून काळी. तो काळेपणा म्हणजे तेलाचा राप, वर्षानुवर्षं चढलेला, काचेसारखा गुळगुळीत, हे मला ठाऊक होतं. काकी रोज ओरडून सांगायची की ह्याला साबण लावू नका, घासणी लावू नका, धुऊन जाळावर सुकवा आणि तेलाचा बोळा फिरवा. मला ठाऊक होतं, आणि तरी मला लाज वाटली. पाहुणे म्हणतील, भांडी काळी. काकी त्या दिवशी रजेवर होती. मी सफाईवाल्या दोघांना बोलावलं आणि प्लांटमधून कॉस्टिक सोडा आणायला लावला. त्यात ती कढई उकळली, वर काथ्याने घासली, दहादा धुतली. संध्याकाळी ती राखाडी झाली होती, हजामत केलेल्या डोक्यासारखी. मी शाबासकी दिली. पोचे आलेली जर्मनची पातेली मी स्टोअरमध्ये कुलूपबंद केली. नवीन स्टीलची भांडी आली होती, पण ती भाताला आणि भाजीलाच पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आली. कढई बघून खालीच बसली. तिने आत हात फिरवला आणि हात बघितला. बोटांना नारिंगी गंज लागला होता, एका रात्रीत धरलेला.

"हिची साल कोणी काढली?"

मी म्हणालो, "पाहुणे येणार आहेत. स्वच्छ दिसायला नको?"

तिने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आठ दिवस द्या तिला. तापवते, तेल पाजते, परत तापवते. आठ दिवस हिच्यात काय शिजवायचं नाय."

"उद्या जेवण आहे काकी."

"मग उद्या पातेलं द्या."

पातेली कुलपात होती, आणि पोचे आलेली ती पाहुण्यांसमोर काढायला मी तयार नव्हतो. पाहुण्यांच्या यादीत 'आमसुलाची आमटी' टाइप करून गेली होती, कोकणी जेवण म्हणून. एरवी काकी डाळ कढईत शिजवायची, फोडणी कढईत द्यायची, पण आमसुलं कढईत कधीच नाही; आमटी पातेल्यात ओतायची आणि मग आंबट घालायची. आंबट आणि बीड यांचं पटत नाही, आणि त्यात ही तर उघडी पडलेली. जेवणाच्या दिवशी दुपारी तिने डाळ कढईत केली, नाइलाजाने. वाडग्यात आमसुलं भिजत होती. ती म्हणाली, "साधं वरण वाढते. आमसूल नको. माजं ऐका सायब, नको."

बाहेर गाड्या लागल्याचा आवाज आला. मी वाडगं उचललं आणि आमसुलं पाण्यासकट कढईत ओतली. ती माझ्याकडे बघत राहिली. दुसरं कोणी तिथे नव्हतं. वर पाहुणे ऑफिसात चहात रमले आणि आमटी तासभर मंद आचेवर तशीच राहिली.

झाकण काढलं तेव्हा ती शाईसारखी होती. वास लोखंडाचा. पाहुण्यांना मी दुसरंच काहीतरी वाढायला लावलं, पण माझी ती धावपळ चालली असताना वाढप्यांनी कामगारांच्या ताटात तीच आमटी वाढली होती. तिघाचौघांना किळस येऊन ओकारी झाली. बाकी कोणाला काही झालं नाही. पण केमिकलच्या कारखान्यात जेवण काळं झालं तर लोक काय म्हणणार? "जेवणात केमिकल घातलं!" पाळी फाटकावर जाऊन उभी राहिली. साहेबांनी मला बोलावलं. संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं.

मी कारण दिलं. लेखी. 'स्वयंपाकीण बाईंनी स्वतःची गंजलेली व अस्वच्छ कढई विनापरवाना वापरल्याने.' गंजलेली होती हे खरं. कॉस्टिकचा उल्लेख नाही. माझा तर नाहीच.

चौकशीला तीन जण टेबलापलीकडे बसले. टिपणं घ्यायला मी. त्यांनी काकीला विचारलं, "आंबट कढईत कोणी घातलं?" काकीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ज्यानं घातलं त्याला तोंड हाय."

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या हातात पेन होतं. मी लिहिलं: 'बाईंनी उत्तर देण्याचे टाळले.'

तिला काढून टाकलं. वसाहतीतल्या दुसऱ्या कुठल्या कँटीनने तिला घेतलं नाही. डांबरकाकी हे नाव तिच्या आधी तिथे पोचलेलं असायचं. त्यानंतर ती तीनदा फाटकावर आली, तिन्ही वेळा एकाच गोष्टीसाठी. "वाडीत लग्न हाय. कढई द्या." तीनदा मी वॉचमनकडून निरोप पाठवला, कढई चौकशीतला पुरावा आहे, पूर्ण झाल्यावर मिळेल. चौकशी केव्हाच पूर्ण झाली होती. कढई दिली असती तर कोणीतरी विचारलं असतं, राप कुठे गेला. मला ती दिसायलाच नको होती.

मी निवृत्त झालो तेव्हा स्टोअरची अडगळ भंगारात निघाली. कढई मी गोणत्यात घालून दासगावच्या घरी आणली. परत करीन म्हणून आणली असं मी स्वतःला सांगितलं. बायकोने विचारलं, "ही कुणाची?" मी म्हणालो, "कंपनीची." तिने ती पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पालथी घातली, वाऱ्याने झाकण उडू नये म्हणून. तिथे ती उन्हापावसात पडून होती आणि मी रोज तिच्यासमोर दात घासत होतो. डोळ्यांसमोर असलेलं न बघणं मला नोकरीत चांगलं जमलेलं होतं.

दिवाळीत पनवेलहून सूनबाई आली. तिने बिडाचा तवा घेतला होता, सुंदर खोक्यात, सोबत पुस्तिका. ती मोठ्याने वाचत होती. साबण लावू नये. धुतल्यावर आचेवर सुकवावा. तेलाचा हात फिरवावा. तापलेला असताना गार पाणी घालू नये. आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत. "काय छान माहिती आहे ना, बाबा?" मी उठून बाहेर गेलो. छापील कागदावर आली म्हणून ती माहिती. कुडपणची बाई ओरडून सांगत होती तेव्हा तो तिचा तोंडाळपणा होता.

मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी मी कढई टाकीवरून उतरवली, जीप ठरवली आणि कुडपणला गेलो.

काकी अंगणात बसली होती. केस सगळे पांढरे, पण पदर तसाच खोचलेला. मी आणि ड्रायव्हरने कढई तिच्यासमोर ठेवली. शेजारची एक बाई धावत आली. "हीच ती काय गो, कंपनीत गेलेली? माज्या पोरीच्या लग्नाला काकीनं पोलादपूरची भाड्याची भांडी आणली हो. वाडीनं किती बोल लावले तिला!"

काकीने तिला हाताने गप्प केलं. वाकून कढईत पाहिलं. तळापर्यंत गंज, एका कानाखाली पोपडे.

"रिकामी?" ती म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. तेल, मूठभर तांदूळ. ती माझ्या टेबलासमोर उभी राहून सांगत होती आणि मी हो म्हणालो होतो.

माझ्या तोंडून एकदम निघालं, "काकी, आमसुलं मी टाकली होती."

"मला काय सांगतोस?" आयुष्यात पहिल्यांदा तिने मला अरेतुरे केलं. "मी तिथंच होते."

"तुम्ही नाव का नाही घेतलंत माझं?"

"माज्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? आणि मला वाटलं, तू बोलशील. खरवड खाल्लीस ना माज्या हातची? मला वाटलं, आता बोलंल, मग बोलंल. पेन तुज्या हातात होतं."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. गंज घासायला जमिनीवरून एक नारळाची शेंडी उचलली. "ज्यांनी खाल्ली त्यांना सांग. ज्यांनी खाल्ली नाय त्यांना आधी सांग, तेच जास्त बोलले. तोंडी नको, तोंडी तुजं काय राहत नाय. कागदावर लिही, तेव्हा लिवलंस तसं."

"आणि कढई?"

"तिला आठ दिवस लागतील," ती म्हणाली. "तेव्हा पण आठच मागितले होते."

तिने मला पाणी विचारलं नाही. वाडीतला माणूस दारात आलेल्याला पाणी विचारत नाही असं मी याआधी पाहिलं नव्हतं. मला ते योग्य वाटलं.

आज सहावा दिवस आहे. हा मजकूर मेळाव्यातल्या प्रत्येकाला पाठवणार आहे, आणि ज्याने पेला उंचावला त्याच्या घरी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे. आठव्या दिवशी पुन्हा कुडपणला जाईन. तेलाची बाटली आणि तांदूळ काढून ठेवले आहेत. ती घेईल की नाही मला माहीत नाही.

त्या दिवशी निघताना मी जीपमध्ये बसलो तेव्हा तिने अंगणात तीन दगडांवर कढई चढवली होती. खाली जाळ, वर गंजाचा कडवट धूर. ती हातात तेलाचा बोळा घेऊन वाकली होती, आमच्याकडे पाठ करून. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि सवयीने हॉर्न दाबला. काकीने मागे न बघताच हात वर केला.

"गप रे!" ती ओरडली, आणि कढईला कान दिला.